‘कन्व्हर्ट’: एका क्रियापदाचा इतिहास

मंडळीच्या वार्षिक अहवालात ‘यंदा इतके जण कन्व्हर्ट झाले’ असे आपण लिहितो, आणि ‘अमक्याने तमक्याला कन्व्हर्ट केले’ असा आरोप वर्तमानपत्रात वाचतो. दोन्हीकडे हे इंग्रजी क्रियापद असे रुळले आहे की त्याचा इतिहास पाहण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. आम्हांस ती भासते.

मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ वळणे किंवा वळवणे. प्रेषितांची कृत्ये ३:१९ मध्ये ग्रीक ‘एपिस्त्रेफो’ हे क्रियापद कर्तरी आज्ञार्थात आहे. पेत्र श्रोत्यांना स्वतः वळावयास सांगतो. लॅटिन वल्गाता भाषांतरातील रूप दिसावयास कर्मणी असले तरी अर्थाने ‘वळा’ असेच आहे. विल्यम टिंडेल यांनी १५२६ साली ग्रीकवरून भाषांतर करताना येथे साधे ‘टर्न’ योजले. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात मात्र ‘बी कन्व्हर्टेड’ आले, आणि वळणारा मनुष्य निदान व्याकरणापुरता तरी वळवला जाणारा झाला. नवल असे की याच पुस्तकात ९:३५ व ११:२१ येथे तेच ग्रीक क्रियापद त्यांनी ‘टर्न’ने उतरवले आहे. एका मूळ शब्दास सर्वत्र एकच प्रतिशब्द देण्याचे बंधन आपण मानलेले नाही, हे त्या भाषांतरकारांनी प्रस्तावनेत सांगूनच टाकले होते! १८८१ च्या सुधारित भाषांतराने ३:१९ मध्ये ‘टर्न अगेन’ केले. परंतु तोवर कर्मणी प्रयोग इंग्रजी उपदेशाच्या अंगी मुरला होता.

लूक २२:३२ मध्ये हेच क्रियापद खुद्द पेत्राविषयी आहे, आणि पेत्र तर आधीपासूनच शिष्य होता. याकोब ५:१९-२० मध्ये माणूस माणसाला वळवतो हे खरे. पण तेथे वळवला जाणारा सत्यापासून बहकलेला बंधू आहे, परका नव्हे.

मराठीत हा घोटाळा होण्याचे कारण नव्हते. ‘वळणे’ आणि ‘वळवणे’ यांतला भेद लहान मूलही जाणते. मात्र समाजाने आपल्यासाठी दुसरीच जोडी राखून ठेवली होती: ‘बाटणे’ आणि ‘बाटवणे’. तिच्यातील दंश टाळण्यासाठी आपण ‘कन्व्हर्ट’चा आसरा घेतला असावा, पण त्यात कर्ता कोण, हेच पुसट झाले.

बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पदमनजी यांचेच उदाहरण घ्यावे. मिशनच्या शाळेतील शिक्षण, मुंबईतील वास्तव्य, परमहंस मंडळीचे सभासदत्व, असा वर्षांचा शोध झाल्यावर १८५४ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. कोणा मिशनऱ्याने त्यांना ‘कन्व्हर्ट केले’ या वाक्यात ती वर्षे मावत नाहीत. ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी ती स्वतः कर्ता होऊन सांगितली आहेत.