वर्गणी आणि मत

लंडनची केमिकल सोसायटी ही रसायनशास्त्रज्ञांची संस्था १८४१ साली स्थापन झाली. सभासदांनी वर्गणी भरावी, कार्यकारी मंडळ निवडावे, निबंध वाचावेत व छापावेत, असा तिचा कारभार. स्त्रियांचे निबंध ती छापी. सभासदत्व मात्र देत नसे. १९०४ साली तिने मादाम क्यूरींना परदेशी सभासद म्हणून सन्मानाने घेतले. त्याच वर्षी इंग्लंडातील १९ स्त्रियांनी केलेला अर्ज मात्र फळास आला नाही.

१९०८ साली सभासदांचे मत घेण्यात आले. अनुकूल १०९४, प्रतिकूल ६४२. एवढ्यावर प्रश्न मिटावा की नाही? पण मते जिंकणे निराळे आणि मंडळाकडून ती अमलात आणवणे निराळे, हे युनियनचे काम केलेल्याला सांगावे लागत नाही. हेन्री आर्मस्ट्राँग प्रभृतींचा विरोध कडवा होता. तडजोड निघाली ती अशी : स्त्रियांनी ‘वर्गणीदार’ व्हावे, सभेस बसावे, ग्रंथालय वापरावे, कारभारात मत नाही. पैसे घ्यायचे आणि हात वर करू द्यायचा नाही, याला तडजोड म्हणणे मला तरी जड जाते.

१९१९ साली पार्लमेंटने स्त्रियांची अपात्रता दूर करणारा कायदा केला, तेव्हा कुठे १९२० मध्ये दार उघडले. अर्जदारांपैकी आयडा स्मेडली पहिल्या सभासद झाल्या. मार्था व्हाइटली १९२८ साली कार्यकारी मंडळावर निवडून आल्या.