ब्रश न टेकवता रंगवणारे हात

आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. तिथे थांबलेल्या ट्रकांच्या पाठीवर मोर, कमळ, घुमट असं काही ना काही रंगवलेलं असतंच. जशी मालकाची हौस, तशी गाडी. लाटांवर स्वार होण्याची फळी, म्हणजे सर्फबोर्ड, परदेशात अशीच हौसेने रंगवून घेतात. फोमच्या फळीला आकार देतात, जिथे रंग नको तिथे चिकटपट्टी लावतात आणि एअरब्रशने पातळ रंगाचा फवारा मारतात. वरून काचतंतूंचं कापड आणि रेझिन चढलं की चित्र आत कायमचं बंद होतं.

एअरब्रश एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तयार झाला. पण ब्रश न टेकवता रंगवणं आपल्या दख्खनला नवं नाही. फारसीत 'अफशां' म्हणजे शिंपडलेलं. सोन्याचे कण शिंपडलेला कागद तो 'जरअफशां'. आपल्या 'जरतारी'तला जर तोच. 'अब्र' म्हणजे ढग, त्यावरून 'आबरी': पाण्यावर रंग तरंगवायचे, वर कागद टेकवायचा, की ढगांसारखी नक्षी उमटते. १७व्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी कागदाचा काही भाग झाकून या आबरीतून माणसं आणि घोडे उभे केले. सर्फबोर्डवरची चिकटपट्टी तेच काम करते. मरतुकड्या घोड्यावर बसलेल्या बैराग्याचं असं एक चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. चित्रकार मात्र अनामिक.

कागद बनवणारेही असेच अनामिक. आपल्या तालुक्याच्या गावी, जुन्नरला, 'कागदी' म्हणून ओळखले जाणारे मुसलमान कारागीर हाताने कागद बनवत. लगद्याचा ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. पेशवाईतल्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई. म्हणजे मराठ्यांचा लिखित इतिहास ज्या कागदावर टिकला, त्यातला काही या हातांनी घोटलेला आहे.

जुन्नर म्हटलं की १४९०ची निजामशाही आणि १६३०चा शिवजन्म मुलांना पाठ असतो. कागदी कोण होते, ते कुणी विचारत नाही. गिरणीचा स्वस्त कागद आला आणि त्यांचा धंदा बसला. आज फ्लेक्स आला आणि गावोगावच्या पेंटरांचे डबे सुकले. सर्फबोर्ड रंगवणारा टिकून आहे, कारण गिऱ्हाईक अजून हाताच्या कामाचे वेगळे पैसे मोजतं.

आपल्या गावात एखादा जुना पेंटर असेल, तर त्याचं नाव आणि त्याने रंगवलेल्या पाट्या आताच लिहून ठेवा. राजांची नावं लिहिणारे पुष्कळ होते. कारागिरांची आपणच लिहायला हवीत.