कंट्रोल पॅनेल, काकांची वही आणि ‘ळ’

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या मराठी घरांत संगणक कसा आला, हे सांगायचं तर सुरुवात ‘ळ’पासून करावी लागते. निदान इंदूरची गोष्ट तरी तिथूनच सुरू होते.

इंदूरला टायपिंगची दुकानं हिंदीची. कृतिदेव फाँट, जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या वळणाचा कीबोर्ड आणि त्यावर झरझर चालणारी बोटं. पण ती बोटं हिंदीला सरावलेली. मराठी मजकूर दिला की ‘काळे’ यांचे ‘काले’ व्हायचे, ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ व्हायचं. लग्नपत्रिका असो की मंडळाची गणेशोत्सवाची पुस्तिका, तीन-तीनदा प्रुफं तपासा, तरी एक ‘ल’ कुठेतरी राहायचाच. दुकानदार म्हणायचा, “भाईसाब, समझ में तो आ रहा है ना?” समजत होतं हो, पण आपलं आडनाव आपल्यासारखं दिसत नव्हतं.

ही अडचण सुटली ती संगणकाच्या एका कोपऱ्यातून. विंडोज २००० पासून युनिकोडमधली देवनागरी संगणकातच मिळू लागली, सोबत ‘मंगल’ हा फाँट आला. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीत मराठी कीबोर्डही होता, पण तो आपोआप दिसायचा नाही. कंट्रोल पॅनेल उघडा, ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जा, ‘लँग्वेजेस’च्या पानावर ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकटीत खूण करा, मागितली तर मूळ सीडी घाला, संगणक पुन्हा सुरू करा. मग ‘डिटेल्स’मध्ये जाऊन मराठी जोडा. एवढं केलं की ऑल्ट आणि शिफ्ट दाबताच खाली ‘ईएन’चं ‘एमआर’ व्हायचं. इनस्क्रिप्टच्या मांडणीत ‘ल’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ळ’ होता आणि ‘र’च्या कळीवर शिफ्टसह ‘ऱ’. ज्या अक्षरांसाठी दुकानदाराशी हुज्जत घालायची, ती दोन्ही हाताखाली आली.

आमच्या थोरल्या काकांनी या सगळ्या पायऱ्या एका शंभर पानी वहीत उतरवून घेतल्या होत्या. बँकेतून निवृत्त झालेला माणूस; प्रत्येक क्लिकला अनुक्रमांक. “चौथं चित्र डावीकडून, त्यावर दोनदा” अशी भाषा. त्या वहीच्या जोरावर त्यांनी स्वतः मराठी बसवलं, शेजारच्या दोन घरी बसवून दिलं आणि आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत टाइप करायला घेतला. होळकरांच्या चाकरीत कोण कधी आलं, धारला कोण गेलं, देवासला कोणाची मुलगी दिली, सगळं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्यासाठी कोणाला ‘अरे, जरा येतोस का’ म्हणावं लागत नव्हतं. मला वाटतं, त्यांचा खरा आनंद तोच होता.

काही वर्षांनी तो संगणक बंद पडला आणि घरी नवा आला. वहीतली पहिली पायरीच जुळेना. चौथं चित्र चौथं नव्हतं, चित्रंच नव्हती. ज्या नावाचं पान उघडायचं, त्या नावाचं पान सापडेना. भाचा पुण्याहून फोनवर सांगायचा, पण त्याच्या पडद्यावर एक आणि इथे दुसरंच. काकांनी आठवडाभर खटपट केली आणि मग टाइप करणं थांबवलं. धारच्या आत्याआजींकडून ऐकलेली माहिती त्यांनी पेन्सिलीने कागदावर टिपली, “नंतर चढवू” म्हणून. मराठी पुन्हा बसायला पाच महिने गेले. तोवर पेन्सिल पुसट झाली होती आणि आत्याआजी गेल्या होत्या. त्या कागदावरची तीन नावं आज आमच्या घरात कोणालाच लागत नाहीत.

हे एकट्या काकांचं दुखणं नव्हतं. त्या काळाचा इतिहास पाहिला तर जगभर हीच कुरकुर ऐकू येते. कंट्रोल पॅनेल हे नाव १९८५ च्या पहिल्या विंडोजपासूनचं. एक्सपीत त्याची मांडणी बदलून गटवार केली, पण बाजूलाच ‘क्लासिक व्ह्यू’ची वाट ठेवली होती. एक क्लिक केली की जुनी चित्रं परत. २०१२ च्या विंडोज ८ ने मात्र स्टार्टचं बटणच काढून टाकलं आणि कंट्रोल पॅनेलच्या जोडीला ‘पीसी सेटिंग्ज’ नावाचं दुसरं पान आणलं. बोटाने चालवायच्या टॅबलेटचा विचार त्यामागे होता; टेबलावर माउस धरून बसलेला माणूस मात्र बटण शोधत राहिला. ओरड इतकी झाली की २०१३ च्या ८.१ मध्ये स्टार्टचं बटण परत आलं आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये मेनूही.

सेटिंग्जचं तसं झालं नाही. तिथलं सामान एकेक करून नव्या खोलीत जात राहिलं. भाषेचं पान २०१८ च्या सुमारास कंट्रोल पॅनेलमधून उठलं आणि सेटिंग्जमध्ये गेलं. तारीख-चलनाचं ‘रीजन’ मात्र जुन्या खोलीतही राहिलं. म्हणजे घर बदलताना ताट नव्या स्वयंपाकघरात आणि वाटी जुन्यात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कंपनीच्याच पानावर कंट्रोल पॅनेल मागे पडत असल्याचं लिहून आलं, बातम्या झाल्या आणि मग ते वाक्य मवाळ केलं गेलं.

मॅकवाल्यांनाही हे चुकलं नाही. २०२२ च्या व्हेंच्युरा आवृत्तीत ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ची ओळखीची चित्रं जाऊन आयफोनसारखी लांब यादी आली, नावही ‘सिस्टिम सेटिंग्ज’ झालं. लिनक्सच्या जगात २०११ मध्ये ग्नोम ३ ने जुनी मांडणी मोडली, तेव्हा काही जणांनी जुना कोड उचलून ‘माते’ नावाचा वेगळा संसारच थाटला. आजही तो चालू आहे.

कंपन्यांची बाजूही खोटी नाही. जुनी पानं वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. काही माउससाठी, काही लहान पडद्यासाठी. बोटाने दाबायला ती बारीक पडतात. नव्या माणसाला एका यादीत सगळं मिळालं तर सोपंच जातं. घर कधीतरी नीट लावावंच लागतं.

पण सेटिंग्ज हा संगणकातला इतर भागांसारखा भाग नाही. लिहिण्याचा प्रोग्राम आपण रोज उघडतो, त्यामुळे त्यातला बदल आठ दिवसांत अंगवळणी पडतो. सेटिंग्जकडे आपण वर्षातून दोनदा जातो, तेही काहीतरी अडलं असताना. म्हणजे आधीच वैतागलेला माणूस, आणि दार जागेवर नाही. शिवाय आपण संगणकाचे मालक आहोत हे जिथे कळतं, ती हीच जागा. ती हरवली की स्वतःचं स्वतः करणारा माणूस एका दिवसात विचारणारा होतो. तरुणांना त्याचं काही वाटत नाही, ते शोधून काढतात. वयस्कर माणूस एकदा विचारतो, दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा ‘जाऊ दे’ म्हणतो. त्या ‘जाऊ दे’मध्ये काय काय जातं, ते आमच्या घराला विचारा.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या घरांना हे नवं नाही. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर मोडीतल्या कागदांची गाठोडी आहेत. विसाव्या शतकात मोडी शाळांतून गेली, बाळबोध आली. छपाईसाठी, शिक्षणासाठी ते सोयीचंच झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या घरात मोडी वाचणारं शेवटचं माणूस असताना एखाद्याने शेजारी बसून बाळबोधीत उतरवून घेतलं, त्या घराची कागदपत्रं बोलतात. इतरांची नुसती जपलेली आहेत. बदल झाला म्हणून नव्हे, मधली ओळ कोणी लिहिली नाही म्हणून.

म्हणून आता वही लिहायची ती वेगळ्या रीतीने. जागा लिहू नका, नाव लिहा. ‘डावीकडून चौथं’ दर आवृत्तीला बदलतं; पण ‘लँग्वेज’, ‘कीबोर्ड’, ‘रीजन’, ‘प्रिंटर’ हे शब्द इतक्या वर्षांत टिकून आहेत. स्टार्ट उघडून तो शब्द टाइप केला की नवी खोली असो वा जुनी, दार बहुधा समोर येतं. विंडोज ११ मध्ये मराठी हवं असेल तर सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘लँग्वेज अँड रीजन’, तिथे ‘ॲड अ लँग्वेज’. भाषा बदलायला विंडोजची कळ आणि स्पेस. जुनं कंट्रोल पॅनेल हवंच असेल तर विंडोजची कळ आणि आर दाबून ‘कंट्रोल’ हा शब्द इंग्रजीत लिहा; अजून तरी उघडतं.

घरातल्या थोरांसाठी नवा संगणक आणलात, तर जुना त्याच दिवशी भंगारात देऊ नका. दोन्ही शेजारी ठेवा, एक संध्याकाळ बसा आणि जुन्या वहीतल्या प्रत्येक पायरीसमोर नवी पायरी लिहा. त्यांच्या हाताने लिहू द्या. आणि उठण्याआधी त्यांच्याकडून एक ‘ळ’ टाइप करून घ्या.