क्लासलोडर व रिसोर्स, जावातील

प्रोग्राम चालू असताना लागेल तो क्लास शोधून जावा यंत्रात दाखल करणारा घटक म्हणजे क्लासलोडर. क्लाससोबत ठेवलेल्या चित्रांच्या, मजकुराच्या किंवा सेटिंगच्या फाइलींना रिसोर्स म्हणतात. त्या शोधून देण्याचे कामही क्लासलोडरचेच.

१९९८ च्या जावा १.२ पासून लोडरांची साखळी रूढ झाली. क्लास असो वा रिसोर्स, लोडर आधी आपल्या पेरेंट लोडरला विचारतो आणि तिथे नकार मिळाला तरच स्वतः शोधतो. जावाचे मूळ क्लास कोणी परस्पर बदलू नयेत, हा यामागचा हेतू. रिसोर्सच्या बाबतीत मात्र सारख्या नावाच्या फाइली अडचणीच्या ठरू शकतात.

समजा, नाशिक जिल्ह्यातील कांद्याचे दर दाखवणारी एक प्रणाली आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला अशा प्रत्येक बाजार समितीसाठी वेगळी जार फाइल आहे आणि प्रत्येक जारमध्ये एकाच नावाची शीर्षकांची फाइल आहे : आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. सगळ्या जार एकाच क्लासपाथवर ठेवल्या, तर लोडर पहिली सापडेल ती फाइल देतो आणि येवल्याच्या पानावर लासलगावची शीर्षके उमटतात. चूक झाल्याचा कुठलाही संदेश येत नाही, म्हणून हा दोष फार उशिरा ध्यानात येतो. प्रत्येक जारला स्वतंत्र लोडर देणे हा त्यावरचा उपाय. साध्या गरजेला जावातला तयार यूआरएल-क्लासलोडर पुरतो. काम झाल्यावर तो बंद करता येतो. ही सोय जावा ७ पासून आहे.

स्वतःचा लोडर लिहिताना बहुतेक जण ‘फाइंडक्लास’ ही एकच मेथड लिहून थांबतात. मग क्लास सापडतो, पण त्याच्या शेजारचीच फाइल मागितली की हाती ‘नल’ येते. ‘फाइंडरिसोर्स’ आणि ‘फाइंडरिसोर्सेस’ या मेथडही लिहायलाच हव्यात. ‘गेटरिसोर्स’ला मात्र सहसा हात लावू नये, कारण पेरेंटला आधी विचारण्याचा क्रम तिच्यात आहे. तो क्रम जाणूनबुजून उलटायचा असेल तरच ती बदलावी. टॉमकॅट सर्व्हर वेब ॲप्लिकेशनसाठी असा उलटा क्रम वापरतो. जावाचे मूळ क्लास त्याने त्यातून वगळले आहेत.

नावाच्या सुरुवातीची तिरपी रेघही फसवते. क्लासकडे रिसोर्स मागताना ती दिली तर शोध मुळापासून होतो, न दिली तर त्या क्लासच्या पॅकेजपासून. लोडरकडे मागताना शोध नेहमी मुळापासूनच असतो, म्हणून तिथे ती रेघ देऊ नये.

मराठी मजकुरासाठी ‘रिसोर्सबंडल’ वापरतात. लोडर स्पष्टपणे दिला नाही, तर तो मागणाऱ्या क्लासचाच लोडर वापरतो. वरच्या उदाहरणात बाजार समितीचा लोडर स्वतः द्यावा लागेल. मराठी फाइल मिळाली नाही, तर तो आधी यंत्राच्या मूळ भाषेची फाइल पाहतो आणि शेवटी भाषेचे नाव नसलेली सर्वसामान्य फाइल.

आपल्या लिपीची खरी परवड इथेच झाली. जावा ८ पर्यंत रिसोर्सबंडलची प्रॉपर्टीज फाइल लॅटिन-१ संकेतात वाचली जाई, त्यामुळे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह युनिकोड क्रमांकाने लिहावे लागे. ‘न’साठी उलटी रेघ, यू आणि ०९२८. ‘नाशिक’ या पाच चिन्हांच्या शब्दासाठी ३० अक्षरे खर्ची पडत, आणि ती फाइल डोळ्यांनी तपासणे मराठी वाचणाऱ्यालाही शक्य नसे. तोच शब्द थेट यूटीएफ-८ मध्ये साठवला, तर पडद्यावर १५ असंबद्ध चिन्हे येत. २०१७ च्या जावा ९ ने रिसोर्सबंडलसाठी यूटीएफ-८ स्वीकारले आणि मराठी फाइल मराठीतच लिहिता येऊ लागली. ‘प्रॉपर्टीज’ हा जुना क्लास बाइटप्रवाहातून वाचताना मात्र अजूनही लॅटिन-१ च धरतो. त्याला यूटीएफ-८ सांगून तयार केलेला रीडर द्यावा लागतो.