वर्गणी संपल्यावर जुने अंक कोणाचे?

उज्जैनहून सुमारे २५ किलोमीटरवर, छोट्या काली सिंध नदीच्या काठी कायथा हे गाव आहे. परंपरेने वराहमिहिराशी जोडल्या गेलेल्या या गावी ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे अवशेष मिळाले. ते प्रथम उजेडात आणण्याचे श्रेय उज्जैनचे मराठीभाषक पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकर यांचे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही तेथे उत्खनन केले आणि झेड. डी. अन्सारी व म. के. ढवळीकर यांचा अहवाल १९७५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. परंतु ग्रंथ हा अभ्यासाचा शेवटचा टप्पा असतो. त्याआधीच्या नोंदी, मतभेद आणि दुरुस्त्या शोधपत्रिकांच्या आणि वार्षिक वृत्तांतांच्या जुन्या अंकांत विखुरलेल्या असतात. कायथ्यावर आज प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला साठ वर्षांपूर्वीच्या त्या पानांपर्यंत पोहोचावेच लागते.

ती पाने त्याला मिळतील की नाही, हे आता केवळ ग्रंथालयाच्या कपाटावर अवलंबून राहिलेले नाही. ते ग्रंथालयाने कोणता करार केला आहे यावर ठरते. वरवर तांत्रिक वाटणारा हा प्रश्न उज्जैनच्या विद्यापीठाइतकाच गोवा विद्यापीठाच्या आणि देशातील प्रत्येक महाविद्यालयाच्या दारातला आहे.

मालकी आणि भाडे

कागदी अंकांच्या काळात व्यवहार सरळ होता. ग्रंथालय वर्गणी भरी, टपालाने अंक येई आणि वर्ष संपले की अंकांची बांधणी होऊन खंड कपाटात जाई. पुढे निधीअभावी वर्गणी बंद पडली, तरी आधीचे खंड ग्रंथालयाचेच राहत. वाळवी, ओल आणि निष्काळजीपणा हेच काय ते त्यांचे शत्रू.

इंटरनेटवरून मिळणाऱ्या अंकांनी जागेचा आणि टपालाचा प्रश्न सोडवला. एकाच वेळी अनेकांना एकच लेख वाचता येऊ लागला. मात्र अंक ग्रंथालयात न येता प्रकाशकाच्याच संगणकावर राहिला. ग्रंथालय पैसे देते ते अंक पाहण्याच्या परवानगीसाठी. परवानगीची मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर करारातील एखाद्या कलमात असते. ते कलम नसेल, तर दहा वर्षे वर्गणी भरूनही ग्रंथालयाच्या हाती काहीच उरत नाही.

तीन मर्यादा

जुन्या अंकांच्या बाबतीत वाचकाला तीन प्रकारचे अडथळे भेटतात. तिघांनाही सामान्यतः ‘लेख उपलब्ध नाही’ असेच म्हटले जाते, परंतु प्रत्येकाचे कारण आणि उपाय वेगळे आहेत.

पहिली मर्यादा आरंभवर्षाची. मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या चालू वर्गणीत बहुधा १९९५ ते १९९७ च्या आसपासपासूनचे अंक मिळतात, कारण त्या सुमारास शोधपत्रिका संगणकीय रूपात निघू लागल्या. त्याआधीचे अंक नंतर छायाप्रतींच्या रूपाने तयार झाले आणि ते पुष्कळदा स्वतंत्र संच म्हणून, एकरकमी किमतीला विकले जातात. चालू अंक दिसतो आणि १९७२ चा दिसत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा हा संच घेतलेला नाही, एवढाच असतो.

दुसरी मर्यादा याच्या उलट आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘जेस्टोर’ या संग्रहाचा हेतूच जुन्या खंडांचे जतन हा होता. ग्रंथालयांना जागा मिळावी आणि जुने खंड एकदाच नीट जतन व्हावेत, अशी त्यामागची कल्पना होती. तेथे अनेक पत्रिका पहिल्या अंकापासून मिळतात. मात्र अगदी अलीकडची, सामान्यतः तीन ते पाच वर्षे वगळलेली असतात. दर वर्षी ही सीमा एका वर्षाने पुढे सरकते, म्हणून तिला ‘सरकती भिंत’ म्हणतात. प्रकाशकाच्या चालू विक्रीला धक्का लागू नये, हे तिचे कारण.

तिसरी मर्यादा सर्वांत गंभीर आहे आणि ती वर्गणी थांबल्यावरच लक्षात येते. ज्या वर्षांचे पैसे भरले, त्या वर्षांचे अंक पुढेही वाचता येतील, असा कायमस्वरूपी वाचनाधिकार करारात मागून घ्यावा लागतो. काही प्रकाशक तो देतात. अनेक पत्रिका एकत्र करून विकणारे मध्यस्थ तो बहुधा देत नाहीत, कारण पत्रिका त्यांच्या मालकीच्या नसतात; एखाद्या प्रकाशकाने आपली पत्रिका काढून घेतली की मागचे अंकही तिच्याबरोबर जातात.

‘एक राष्ट्र एक वर्गणी’नंतर

भारतात हा खर्च एकेकट्या विद्यापीठाला पेलणारा नव्हता, म्हणून सामूहिक खरेदीचा मार्ग निघाला. वेगवेगळ्या योजना २०१५ मध्ये गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्रामार्फत चालवल्या गेलेल्या ‘ई-शोधसिंधू’त एकत्र आल्या. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ या योजनेला मान्यता दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका आणि ६,३०० हून अधिक शासकीय संस्था असा तिचा व्याप आहे. राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थाही तिच्या कक्षेत येतात. त्यामुळे १९५७ मध्ये उज्जैनमध्ये विक्रम विद्यापीठ या नावाने स्थापन झालेले विद्यापीठ काय किंवा गोवा विद्यापीठ काय, एरवी न परवडणाऱ्या पत्रिकांचे दार दोघांनाही खुले होते.

ही मोठी सोय आहे, यात शंका नाही. परंतु तरतूद तीन वर्षांची आहे, आणि संशोधनाचे आयुष्य त्याहून मोठे असते. या योजनेच्या भरवशावर एखाद्या ग्रंथालयाने आधीची स्वतंत्र वर्गणी सोडली, किंवा जागा हवी म्हणून बांधीव खंड रद्दीत काढले, तर तो निर्णय परत फिरवता येत नाही. पडद्यावर अंक दिसतो म्हणून तो आपल्याकडे आहे, असे धरून चालणे धोक्याचे. भारतीय भाषांतील अनेक जुन्या पत्रिका तर आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या यादीत येण्याचा प्रश्नच नसतो. त्यांचे कपाटातील खंड हेच अनेकदा एकमेव साधन असते.

खुले मार्ग

वर्गणीशिवायही बरेच जुने साहित्य हाती येते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ हा वार्षिक वृत्तांत १९५३-५४ पासून निघाला आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. १९५६ ते १९५८ या काळात उज्जैनमध्ये झालेल्या उत्खननाच्या मूळ नोंदी त्यातच आहेत. बंगळूरची ‘करंट सायन्स’ ही पत्रिका १९३२ पासून खुली आहे. गोव्यात कोसबेन येथे जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास १९४० च्या सुमारास मांडला तो तेथेच.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची १९१९ पासूनची इंग्रजी पत्रिका आणि डेक्कन कॉलेजची पत्रिका ‘जेस्टोर’वर आहेत. संस्थेची वर्गणी नसलेल्या वाचकालाही तेथे वैयक्तिक नोंदणी करून महिन्याला १०० लेखांपर्यंत पडद्यावर विनामूल्य वाचता येतात. एखादी पत्रिका देशातील कोणत्या विद्यापीठात आहे, हे इन्फ्लिबनेटच्या ‘इंडकॅट’ या संयुक्त सूचीत शोधता येते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या दिल्लीच्या ‘डेलनेट’ या ग्रंथालय-जाळ्याचे सदस्य असलेले ग्रंथालय दुसऱ्या ग्रंथालयातून लेखाची प्रत मागवू शकते. स्वतःच्या संशोधनासाठी मर्यादित प्रमाणात प्रत घेण्यास भारतीय प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात वाव आहे.

ग्रंथपालाला विचारायचे प्रश्न

लेख उघडला नाही म्हणून संदर्भ सोडून देण्यापूर्वी वाचकाने चार गोष्टी विचाराव्यात. या पत्रिकेचे अंक कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत उपलब्ध आहेत? तोच अंक दुसऱ्या संग्रहातून मिळतो का? त्या वर्षाचा बांधीव खंड कपाटात आहे का? नसल्यास बाहेरून प्रत मागवता येईल का? आणि ग्रंथालय समितीवरील प्राध्यापकांनी पाचवा प्रश्न विचारावा: वर्गणी थांबली, तर भरलेल्या वर्षांचे अंक आपल्याकडे राहतील, असे लेखी आहे का?

उज्जैनमध्ये १९३१ पासून हस्तलिखितांचा संग्रह करणारी शिंदे प्राच्यविद्या संस्था आहे. जुन्या पोथ्या आजवर टिकल्या, त्या एका सुरक्षित ठिकाणी ठेवल्या म्हणून नव्हे. घरोघरी, मठोमठी त्यांच्या नकला झाल्या म्हणून. एक जळली, तरी दुसरी उरली. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने उभारलेली ‘लॉक्स’ ही व्यवस्था आज संगणकीय अंकांसाठी नेमके हेच करते: एकाच अंकाच्या अनेक प्रती निरनिराळ्या ग्रंथालयांत ठेवते. कपाटातला जुना खंड हीसुद्धा अशीच एक प्रत आहे. जागा रिकामी करण्याच्या यादीत त्याचे नाव घालण्यापूर्वी, ती प्रत आणखी कोठे आहे आणि किती काळ राहणार आहे, याची खात्री करून घेणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य ठरते.