तळटीप १४ : हॅकमास्टर

१४. हॅकमास्टर : पाम पायलट (१९९६) या खिशात मावणाऱ्या डायरीवजा यंत्रासाठी एडवर्ड कीझ यांनी लिहिलेले जोड-सॉफ्टवेअर. यंत्राच्या मूळ प्रणालीला धक्का न लावता तीत 'हॅक' नावाच्या छोट्या सुधारणा बसवायच्या. नकोशी झाली की नावापुढची खूण काढून बंद करायची. 'मेन्यूहॅक' घातले की पडद्यावरच्या शीर्षकपट्टीला लेखणी टेकताच मेन्यू उघडे. ही सोय इतकी उपयोगी, की पुढे पाम ओएस ३.५मध्ये ती मुळातच आली. देवनागरी मात्र यंत्रात नव्हती, म्हणून या पानावरील खामगावच्या (जि. बुलढाणा) कापूस-व्यापाऱ्यांची यादी लेखकाने रोमन लिपीत ठेवलेली दिसते. पाम ओएस ५वर (२००२) हॅकमास्टर चालत नाही.