वसईचे सेंट जोसेफ देवालय

ख्रिस्ती देवालय म्हटले म्हणजे नागपूर-कळमेश्वराकडील माणसाच्या डोळ्यांपुढे बहुधा नागपूरचे ऑल सेंट्स कॅथीड्रल उभे राहते. बॉडली या इंग्रज वास्तुविशारदाने त्याची वाढ योजिली तेव्हा त्याने गॉथिक पद्धती पत्करिली, आणि टोकदार कमान हीच ख्रिस्ती देवालयाची खूण, असा समज त्या बाजूस रूढ झाला. परंतु महाराष्ट्राच्या भूमीवर याहून जुनी, निराळ्या घराण्याची देवालये आहेत, व ती पाहावयाची तर वसईच्या किल्ल्यात जावे लागते. तेथील कमान अर्धवर्तुळाकार आहे. तिचा उगम इंग्लंडात नसून रोम, लिस्बन आणि माद्रिद यांच्या परंपरेत आहे.

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 साली वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली. पुढे 1580 साली पोर्तुगालचे राजपद स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेले आणि 1640 पर्यंत वसईचा धनी स्पेनचाच राजा होता. तथापि 1581 साली तोमार येथे भरलेल्या सभेत फिलिपने पोर्तुगालचा कारभार पोर्तुगीजांच्याच हाती ठेवण्याचे वचन दिले होते. म्हणून या साठ वर्षांत वसईस जे बांधले गेले त्यास स्पॅनिश म्हणावे की पोर्तुगीज, हा वाद फारसा फलदायी नाही. मुकुट स्पेनचा होता, अधिकारी पोर्तुगीज होते, आणि राबणारे हात कोकणचे होते.

किल्ल्यातील सेंट जोसेफचे देवालय या काळाची साक्ष देते. ते शहराचे ‘मात्रिज’, म्हणजे मुख्य पॅरिश चर्च होते. 1601 साली गोव्याचा आर्चबिशप अलेशो द मेनेझिस याच्या कारकीर्दीत त्याची पुनर्बांधणी झाली, असे तेथील शिलालेख सांगतो. हा मेनेझिस मोठा विलक्षण पुरुष. मलबारच्या सीरियन ख्रिस्त्यांना रोमच्या शिस्तीत आणण्याकरिता 1599 साली उदयंपेरूरची परिषद भरविणारा तोच. पुढे स्पेनच्या राजाच्या वतीने पोर्तुगालचा व्हाइसरॉय झाला, आणि 1617 साली माद्रिद येथे वारला. वसईच्या एका भिंतीवर कोरलेल्या नावाची दुसरी कड अशी थेट स्पेनच्या राजधानीत जाऊन पोहोचते.

पॅरिश चर्च आणि मठाचे चर्च यांत भेद आहे, व तो वास्तूतही उमटतो. मठ संन्याशांकरिता असतो, तर पॅरिश ही गृहस्थांची. तेथे बाप्तिस्मा द्यावयाचा, लग्न लावावयाचे, मृतांस निरोप द्यावयाचा आणि या सर्वांची नोंद वहीत ठेवावयाची. 1563 साली संपलेल्या ट्रेंटच्या परिषदेने या नोंदीवर भर दिला, आणि धर्मगुरूचे प्रवचन सर्वांस ऐकू जावे हाही आग्रह त्याच काळचा. म्हणून खांबांच्या रांगांनी तुकडे न पडलेला, सरळ वेदीकडे नेणारा एकच लांब दालनाचा घाट कॅथलिक जगात प्रिय झाला. सेंट जोसेफच्या देवालयाचे छप्पर केव्हाच गेले आहे, पण दालनाच्या भिंती व दर्शनी भागाचा उंच मनोरा अद्याप उभा आहे. मनोऱ्याच्या पोटातून दगडी चक्री जिना वर जातो. अलंकार थोडा, भिंत जाड, प्रमाण उंच.

शेजारच्या जेसुइटांच्या देवालयाचा थाट वेगळा. त्याच्या दारास पन्हळी स्तंभ असून त्यांची शीर्षे कोरिंथी आहेत; येशूच्या नावाची तीन अक्षरेही कोरलेली आहेत. हा दरवाजा अधिक देखणा आहे, यात संशय नाही. परंतु डोळा दिपविण्याची त्याची धडपडही लपत नाही. वसईचा काळा दगड तर इतका नावाजलेला होता की गोव्याच्या बॉम जेझूच्या दर्शनी भागाकरिताही तो समुद्रमार्गे नेण्यात आला.

अशी भक्कम वास्तू ओसाड का झाली? मे 1618 मधील भयंकर वादळाने वसईच्या देवालयांची मोठी हानी केली, तरी त्यांची दुरुस्ती करणारी माणसे तेव्हा गावात होती. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, आणि तहानुसार पोर्तुगीज शहर सोडून गेले. देवळांचा विध्वंस आणि धर्मछळ यांचा राग या मोहिमेच्या मुळाशी होता. तरीही तहात ख्रिस्ती प्रजेच्या धर्माचरणास मोकळीक ठेविली होती, ही गोष्ट विसरता येत नाही. किल्ल्यातील पॅरिश मात्र मुख्यतः पोर्तुगीज कुळांची होती. ती कुळेच गेल्यावर मात्रिज कोणाकरिता राहणार? उघड्या पडलेल्या भिंतीच्या माथ्यावरून पावसाचे पाणी आत मुरते, चुन्याचे सांधे सैल होतात, आणि त्यांत पिंपळाचे मूळ शिरते. लढाईच्या तोफांहून हे मूळ अधिक चिकाटीचे असते.

वसईच्या घंटाही गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात 1721 सालाची, व वाईजवळील मेणवलीस 1707 सालाची घंटा आहे. दोन्ही त्या विजयाची आठवण म्हणून ओळखल्या जातात.

किल्ल्याबाहेर चित्र अगदी निराळे आहे. पापडी, माणिकपूर, नंदाखाल, आगाशी येथील पॅरिश शेती-बागायती करणाऱ्या मराठीभाषक ख्रिस्त्यांच्या होत्या. ती मंडळी जमीन सोडून कोठे जाणार? त्यांची देवालये मराठ्यांच्या व इंग्रजांच्या अमलात टिकली, पुन्हा पुन्हा दुरुस्त झाली, प्रसंगी नव्याने बांधली गेली. आगाशीचे देवालय सेंट जेम्सचे आहे, म्हणजे स्पेनचा संरक्षक संत सांतियागो याचेच. त्या देवालयात आज प्रार्थना मराठीत होते.